सूर्यास्तानंतरचं इंदूर

आमच्याकडच्या बायका चालत नाहीत असं नाही. उलट आयुष्यभर चालतच असतात. पण ते सगळं कारणाचं चालणं. सकाळी बस्तीला जायचं, येताना भाजी आणायची, दळण टाकायचं, कुणाकडं काही बरंवाईट झालं तर भेटून यायचं. माताजींचा विहार असला की साठीतल्या बायकासुद्धा दहा-पंधरा किलोमीटर त्यांच्यामागून चालत जातात आणि घरी आल्यावर पाय दुखले म्हणून बोलत नाहीत, कारण ते पुण्याचं चालणं. पण एखादीनं सांगून बघावं, "काही नाही, नुसती चालायला बाहेर पडलेय." समोरची बाई काळजीच्या सुरात विचारते, "का गं, डॉक्टरांनी सांगितलंय काय?"

आणि संध्याकाळचं तर बोलायलाच नको. आम्हा बायकांचं रात्रिभोजन बंद. सूर्यास्ताच्या आधी दोन घडी जेवून घ्यायचं म्हणजे साडेपाचाच्या आत पान आवरलेलं. बाहेरच्या लोकांना वाटतं, वा, यांची संध्याकाळ किती मोकळी! माझ्या सासूबाईंच्या वेळी ती खरोखर मोकळी होती. सगळं घर सूर्य असताना जेवायचं, दिवेलागणीला चूल शांत, मग बायका सोप्यात बसून शास्त्र ऐकायच्या नाहीतर गप्पा मारायच्या. आता पुरुष दुकानातून साडेआठला येतात, मुलं नऊला. त्यांना गरम भाकरी लागते. म्हणजे आपण साडेपाचला जेवायचं आणि नऊ वाजता दुसऱ्यांसाठी तव्यापुढं उभं राहायचं. व्रत आपलं, संध्याकाळ मात्र त्यांची. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, तुमच्याही घरी असंच असेल म्हणून सांगते.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं इंदूर. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं बेळगावहून मोटारीनं यात्रेला निघालो होतो. आमचे हे, मी, माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, आणि गाडी चालवायला अक्कांचा मुलगा. तो पुण्यात नोकरीला असतो. भावजी जाऊन तीन वर्षं झाली. वाड्याच्या पुढच्या भागात अक्का एकट्या, मागच्या भागात आम्ही. मुलाचं म्हणणं, अक्कांनी आता पुण्याला त्याच्या फ्लॅटमध्ये कायमचं राहायला यावं. म्हणणं चांगलंच आहे, मुलगाही चांगला आहे. या यात्रेतच आईकडून हो म्हणवून घ्यायचं त्यानं ठरवलं होतं, हे मला नाशिकच्या अलीकडंच कळलं. अक्का काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे हो असंही नसतं आणि नाही असंही नसतं.

मांगीतुंगी झालं. १०८ फुटांच्या ऋषभदेवांसमोर उभं राहिल्यावर मान किती वर करायची ते कळेना. धुळ्याहून सेंधव्याकडं चढून बडवानीजवळ बावनगजा झालं. सातपुड्याच्या कुशीत ८४ फुटांचे आदिनाथ, एकाच डोंगरात कोरलेले. डोळे भरून दर्शन झालं, पण खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात मी गावं पाहिलीच नाहीत. मोटारीची यात्रा अशीच असते. धर्मशाळेच्या दारात बसायचं, मंदिराच्या दारात उतरायचं. मधली सगळी माणसं, दुकानं, ओट्यावर बसलेल्या बायका काचेतून सरकत जातात. कुणाशी दोन शब्द बोलावेत तर तोवर गाव संपलेलं असतं.

इंदुरात फक्त रात्रीचा मुक्काम होता. पण मानपूरचा घाट चढताना गाडीच्या ब्रेकमधून करकर आवाज यायला लागला. इंदुरात गॅरेजवाल्यानं सांगितलं, एक सुटा भाग मागवावा लागेल, उद्या रात्रीपर्यंत गाडी नाही. पुतण्या वैतागला. ह्यांचा गुडघा जिने चढून-उतरून आधीच सुजलेला, त्यांनी धर्मशाळेच्या खाटेवर अंग टाकलं आणि मोबाइलवर मॅच लावली. पुतण्या गॅरेजवाल्याच्या मागं. राहिलो आम्ही दोघी.

"अक्का, राजवाडा इथून जवळच आहे म्हणतात. जाऊया?"

"कशाला?"

"बघायला."

अक्कांनी थोडा विचार केला आणि पिशवी घेतली. रिकामीच, पण हातात पिशवी असली की बाई कामाला निघाल्यासारखी दिसते. ती सवय त्यांना इंदुरातही सुटली नाही.

सकाळचे नऊ वाजले असतील. इंदूर त्या वेळी पोहे खात असतं. दर दहा पावलांवर एक गाडा, गाड्यावर वाफेवर ठेवलेले पिवळेधमक पोहे, त्यावर शेव, शेजारी जिलेबी. आपल्याकडं पोह्याला कांद्याची फोडणी असते, म्हणून मी बाहेर पोहे कधी खात नाही. इथं कांदा वरून भुरभुरतात, आत नसतो. "प्याज मत डालना" म्हटलं की झालं. वर जिरावण नावाचा मसाला टाकतात, आंबट-तिखट. कागदाच्या द्रोणात घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहून खाल्ले. अक्का बाहेरचं काही खात नाहीत. त्यांनी बाजूला उभं राहून पोह्यांचं परीक्षण केलं. "पोहे जाड आहेत. भिजवलेले नाहीत, नुसते धुतलेले दिसतात. मग वाफेवर फुलतात ते." गाडेवाल्याला मराठी कळत असावी, कारण तो मान डोलावून हसला. खाऊन झाल्यावर द्रोण टाकायला मी इकडंतिकडं बघायच्या आतच त्यानं डबा पुढं केला. २०१७ पासून देशातलं पहिल्या नंबराचं स्वच्छ शहर म्हणून इंदुराचं नाव आहे, ते मी वाचलं होतं. पण पाटी बघून कुणाला पटतं? मला त्या पोहेवाल्याचा डबा बघून पटलं.

राजवाडा म्हणजे सात मजल्यांचं होळकरांचं दार. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. आम्ही तिथं कठड्यावर बसलो. मी अक्कांना सांगत होते, की अहिल्याबाईंचा कारभार इथून नव्हता, त्या महेश्वरला राहायच्या, इंदूर राजधानी झालं ते पुढं १८१८ मध्ये. आणि हा वाडा १८०१ साली जाळला तो कुणी? सर्जेराव घाटग्यांनी. शिंद्यांचे सासरे. मूळचे कुठले? कागलचे!

"आपल्या कागलचे?" अक्का चपापल्या. कागल म्हणजे बेळगावहून कोल्हापूरला जाताना वाटेत लागणारं, आमच्या निम्म्या पाहुण्यांचं गाव. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग इथं कुणाला सांगू नको आपण तिकडचे म्हणून."

वाड्याला पुढं १९८४ च्या दंगलीतही आग लागली. इतकं जळून पुन्हा उभा आहे. अक्का मात्र वाड्याकडं बघत नव्हत्या, पुतळ्याकडं बघत होत्या.

"नवरा गेला तेव्हा वय काय होतं हिचं?"

"एकोणतिसावं चालू होतं."

"आणि राज्य किती वर्षं केलं?"

"१७६७ ते १७९५. अठ्ठावीस."

"अठ्ठावीस," अक्का म्हणाल्या. "आणि आमचा पोरगा मला सांगतो, गॅस एकटीनं पेटवू नको."

पुण्याच्या विषयावर त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी पुढं काही विचारलं नाही. अशा वेळी उठून चालायला लागणं बरं असतं.

राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या फक्त पायी कळतात. मोटार तिथं शिरतच नाही, आणि शिरली तरी तुम्हाला काही दिसणार नाही. बर्तन बाजारात तांब्या-पितळेचा लखलखाट. सीतलामाता बाजारात साड्यांचे ढीग, दुकानदार दारात उभे राहून "आइए बेनजी, देखने का कोई पैसा नहीं" म्हणून हाका मारतात. मारोठिया बाजारात मसाल्याच्या वासानं अक्कांना सलग पाच शिंका आल्या. बजाजखाना चौक कुठं लागला आणि कुठं संपला ते समजलंच नाही. इतवारियाची पाटी दिसली तेव्हा अक्का थांबल्या, अर्थ लावला आणि खूश झाल्या. "इतवार म्हणजे रविवार. म्हणजे ही आपली रविवार पेठच की!" मग त्यांना सगळं ओळखीचं वाटायला लागलं. पोती तशीच, हमाल तसेच, दुकानात गल्ल्यामागं बसलेला म्हातारा शेटही तसाच. बेळगावची रविवार पेठ ही अक्कांची जागा. चाळीस वर्षं त्या तिथून वर्षाचं धान्य भरतात. कुठल्या दुकानाचा जोंधळा यंदा किडका निघाला ते त्यांना तोंडपाठ असतं.

इतवारियातच काचमंदिर आहे. सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं दिगंबर जैन मंदिर. बाहेरून साधं, पांढऱ्या दगडाची हवेलीच म्हणाना. आत पाऊल टाकलं आणि जमीन, भिंती, खांब, छत, सगळीकडं काच. रंगीत काचेचे तुकडे बसवून केलेली फुलं, वेली, पापाची फळं दाखवणारी चित्रं. गाभाऱ्यातल्या मूर्ती दोन्ही बाजूंच्या आरशांत एकामागं एक उमटत लांबवर जातात. आम्ही दर्शन घेतलं, णमोकार म्हटला. मग मी मान वळवली तर आरशात अक्का. त्यांच्यामागं अक्का. त्यांच्यामागं आणखी अक्का. इतक्या सगळ्या अक्का, प्रत्येकीच्या हातात रिकामी पिशवी. मला हसू आवरेना. मंदिरात हसू नये म्हणून त्यांनी डोळे वटारले, आणि सगळ्या अक्कांनी एकदम डोळे वटारले.

बाहेर पायरीवर एक वयस्क बाई बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांनीच विचारलं, "तुम्ही लोक कुठून आले?" इंदुरी मराठी ऐकायला मजा येते, शब्द आपले आणि चाल हिंदीची. त्यांच्या घरातले कुणी हुकुमचंद मिलमध्ये होते. सेठजींनी मंदिर बांधलं तशी गिरणीही काढली होती, आणि गिरणीच्या भोंग्यावर या भागातली घरं चालायची. पण गिरणी १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा सेठजी जाऊन तीसेक वर्षं होऊन गेली होती. कामगारांचे थकलेले पैसे कोर्टात अडकले आणि हातात पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! बाई म्हणाल्या, "मिळाले तेव्हा घ्यायला माणूसच नव्हतं न." एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. अक्का त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. दोघी बराच वेळ बसून होत्या आणि फारसं बोलल्या नाहीत. मी मंदिराची कमान बघत राहिले. वैभव आणि गिरणीचं कुलूप एकाच नावाखाली असतं हे पुस्तकात वाचून कळतं, पण पायरीवर बसल्यावर ते नीट कळतं.

नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या आम्ही दुपारी पाहिल्या. होळकरांच्या समाध्या, दगडी कोरीव काम सुंदर, घोडेस्वार, वाद्यं वाजवणारे. कान्ह नदीला मात्र नदी म्हणायला मन धजावत नाही. अक्का म्हणाल्या, "दगड छान, पाणी नको." मीही त्याहून जास्त लिहीत नाही.

चार वाजताच आम्ही धर्मशाळेत परतलो, कारण भोजनालय सूर्यास्तापूर्वी बंद होतं. यात एक गंमत आहे, ती आपल्या बायकांनाच कळेल. डिसेंबरात बेळगावला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. इंदूर उत्तरेला, तिथं पावणेसहालाच अंधारायला लागतं. घड्याळ तेच पण पान मात्र वीस मिनिटं आधी आवरावं लागतं. पाच वाजता आम्ही चौघंही पंगतीला बसलो. डाळ, फुलके, भोपळ्याची भाजी. ह्यांनाही बसावं लागलं, कारण नंतर तिथं काहीच मिळणार नव्हतं. सव्वापाचला ताटं उचलली. खरकटं काढायचं नाही, ओटा पुसायचा नाही, उद्याची डाळ भिजवायची नाही. आणि मुख्य म्हणजे नऊ वाजता कुणाला भाकरी थापून द्यायची नाही.

मी खोलीत येऊन बसले. सहा वाजले. साडेसहा. सामायिक झालं. साडेसात. हात रिकामे ठेवून इतकी लांब संध्याकाळ मी लग्नानंतर पाहिली नव्हती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, आणि मला एकदम दिसलं की बेळगावातही त्या अशाच बसतात. सोप्यातल्या खुर्चीवर, रस्त्याकडं तोंड करून, साडेपाचपासून मी स्वयंपाकघरातून मोकळी होईपर्यंत. मी मोकळी होते तेव्हा दहा वाजलेले असतात आणि त्या झोपलेल्या असतात. एका वाड्यात राहतो आम्ही, आणि आमच्या संध्याकाळी एकमेकींना भेटत नाहीत.

"अक्का, सराफा बघायचा?"

सराफा म्हणजे राजवाड्यामागची सोन्या-चांदीची पेठ. दिवसा दागिने आणि रात्री खाणं. दुकानं वाढवली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याचे गाडे लागतात ते मध्यरात्रीनंतरही चालतात. रात्री माणसांची वर्दळ राहिली तर चोरीची भीती नाही, म्हणून सराफांनीच ही चाल पाडली असं सांगतात. इंदुराला येऊन सराफा न पाहता जायचं म्हणजे कोल्हापुरात येऊन अंबाबाई चुकवण्यासारखं.

हे मोबाइलवरून मान न काढताच म्हणाले, "तिथं जाऊन तुम्ही काय करणार? खायचं बंद, घ्यायचं बंद. नुसतं हिंडायचं?"

"होय," मी म्हटलं.

पुतण्या म्हणाला, "काकी, रात्रीची गर्दी असते. आईला त्रास होईल."

अक्का उठून शाल गुंडाळत होत्या. "आईला काय होतं ते आई सांगेल," त्या म्हणाल्या. "आणि बघायला कुठं सूर्य लागतो?"

यावर आमच्या घरात वाद होऊ शकतो हे मला ठाऊक आहे. रात्री न खाणाऱ्या बाईनं खाऊगल्लीत मुद्दाम जावं काय? जिभेला आवरायचं आणि डोळ्यांना मोकळं सोडायचं, हा कसला त्याग, असं कुणी म्हणेल. मी त्यावर बराच विचार केला आहे. मला वाटतं, ज्याच्या मनात घास घुटमळतो त्यानं जाऊ नये. अक्कांच्या मनात घुटमळत होतं ते वेगळंच काही, आणि त्यासाठी लोकांमधून चालणं गरजेचं होतं.

बाहेर चांगलीच थंडी होती. राजवाडा दिव्यांत न्हालेला. गोपाळ मंदिरावरून पुढं गेलं की गल्ली अरुंद होते आणि वासच तुम्हाला ओढून नेतो. सराफ्याच्या तोंडाशी आम्ही थबकलो. दोन्ही बाजूंना बंद शटरं, त्यावर सराफांच्या पाट्या, आणि खाली कढया, परात, धूर, वाफ, तूप. माणसं इतकी की चालायचं म्हणजे सरकायचं. आणि त्यात बायका किती! म्हाताऱ्या, कडेवर मुलं घेतलेल्या, कॉलेजच्या पोरी, नव्या नवऱ्या. रात्री दहा वाजता. कुणी कुणाकडं "ही इथं कशी" म्हणून बघत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा रात्री दहा वाजता रस्त्यावर होते आणि मला कुणाला कारण सांगायचं नव्हतं.

खाणारा माणूस पदार्थ बघत नाही. त्याचं लक्ष आपल्या द्रोणात. आम्हाला मात्र सगळं दिसत होतं. एके ठिकाणी भुट्ट्याचा कीस चालला होता. कोवळी कणसं किसायची, तुपावर परतायची, दूध घालून आटवायची, वर खोबरं, लिंबू. परतणाऱ्या माणसाचा हात एका लयीत फिरत होता. पलीकडं गराडू. हा हिवाळ्यातला कंद, चौकोनी फोडी तळून मसाला-लिंबू मारून देतात. कंद म्हटल्यावर तो आम्हाला दिवसाही चालत नाही, पण तळताना त्याला जो सोनेरी रंग येतो तो बघायला काय हरकत आहे? एका दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलत होते, दह्याचा थेंब सांडत नव्हता, आणि बघे टाळ्या वाजवत होते. खोबऱ्याचं पॅटीस, साबुदाण्याची खिचडी, मालपुवा, रबडी. शिकंजी म्हणून लिंबूपाणी येईल असं मला वाटलं होतं, तर ते दाट दुधाचं सुक्यामेव्याचं पेय निघालं.

जलेब्यापाशी अक्का रुतल्या. जलेबा म्हणजे जिलेबीचा थोरला भाऊ, एकेक ताटलीएवढा. तळणारा पोरगेलासा होता. अक्कांनी आपल्या हिंदीत चौकशी सुरू केली. "ये पीठ कितना घंटा भिगाया?" तो सांगायला लागला. रात्रभर आंबवतो, थंडीत जास्त वेळ लागतो. अक्का म्हणाल्या, "थंडीमें भांडा गरम जागापर रखनेका." त्यानं झारा थांबवून त्यांच्याकडं नीट बघितलं. मग एक तुकडा कागदावर ठेवून पुढं केला. "माताजी, चखो."

"रातको नहीं खाते."

"जैन हो? तो दिन में आ जाना।" आणि लगेच स्वतःच हसला. "पर दिन में तो हम होते ही नहीं।"

अक्काही हसल्या. "फिर देखके जाती," म्हणाल्या आणि खरोखरच पुढचे पाच जलेबे तळून होईपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. सहावा थोडा वाकडा पडला तेव्हा जीभ चुकचुकवली.

दमल्यावर आम्ही एका बंद पेढीच्या पायरीवर बसलो. समोरून माणसांचा लोंढा चाललेला. अक्का शालीत हात गुंडाळून बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "पुण्याला अकराव्या मजल्यावर घर आहे त्याचं. हवा छान येते. सूनही चांगली आहे, काही कमी करायची नाही. गेल्या वर्षी महिनाभर राहिले ना मी. खाली उतरायचं तर लिफ्ट. गेटाबाहेर हायवे. मंदिराला गाडीनं न्यायचा रविवारी. तीस दिवसांत मी एकदाही चपला झिजवल्या नाहीत बघ."

"मग?"

"मग काय. चालता येतंय तोवर मी चालत जाता येईल अशा ठिकाणी राहणार. बस्ती, रविवार पेठ, दवाखाना, माझं सगळं पायाशी आहे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "फक्त ती संध्याकाळ तेवढी जात नाही."

मला बोलायचं खूप होतं. त्या गेल्या तर वाड्याचा पुढचा भाग अंधारात जाईल, हे मी तीन महिने मनात धरून होते. मुलाच्या आणि आईच्या मध्ये काकूनं पडू नये म्हणून गप्प होते. आताही मी तेवढंच म्हटलं, "साडेपाचला मीही मोकळी होऊ शकते, अक्का. भाकऱ्या आधीच करून ठेवल्या तर."

"भावजींना गरम लागते."

"लागू दे."

परत आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुतण्या धर्मशाळेच्या दारात उभा होता, चेहरा उतरलेला. "पाच वेळा फोन केला!" अक्कांचा फोन पिशवीत होता. पिशवीत आता एक पितळी झाराही होता, सकाळी बर्तन बाजारात कधी घेतला ते मलाही कळलं नव्हतं. ह्यांना भूक लागून त्यांनी डब्यातला चिवडा संपवला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली आणि आम्ही सिद्धवरकूटला निघालो. सिमरोल मागं पडलं, घाट सुरू झाला आणि अक्कांनी मागच्या सीटवरून, जशी बाजारची यादी सांगावी तशी, मुलाला सांगून टाकलं. पुण्याला येईन, दिवाळीला येईन, नातवाच्या परीक्षेला येईन, पण राहायला नाही. चोरल नदीचा पूल येईपर्यंत तो काही बोलला नाही. मी आरशात त्याचे डोळे बघत होते. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मग घरात कॅमेरे बसवतो. मला तिथून दिसत राहील तू बरी आहेस म्हणून."

"बसव की," अक्का म्हणाल्या. "पण संध्याकाळची मी त्यात सापडायची नाही. आम्ही दोघी बाहेर असणार."

पुढच्या सीटवर हे इतका वेळ डुलक्या घेत होते. ते जागे झाले. "आणि माझ्या भाकरीचं काय?"

"दुरडीत असेल, भावजी," अक्का म्हणाल्या. "फडक्यात गुंडाळून."